फियाटच्या पोटी गंडीपेट

विंटेज गाडी बाळगणाऱ्याला शेजारी उभं राहून फोटो काढणारे लोक आवडतात. ‘विकता का?’ विचारणारेही मनातून आवडतात, कारण ‘नाही हो’ म्हणताना चेहऱ्यावर जो खानदानी थकवा आणता येतो, तो एरवी पेन्शनरच्या वाट्याला कुठला यायला? पण तिसरी एक जात आहे. हे लोक गाडीकडे बघतच नाहीत, गाडीखाली बघतात. आमच्या बरकतपुऱ्यातल्या अपार्टमेंटात असे एक निवृत्त गृहस्थ आहेत. ते वाकतात, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठतात आणि म्हणतात, “गळतंय हो.”

“एसीचं पाणी असेल,” मी म्हणालो.

गाडी १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. तिच्यात दाराची तिकोनी काच ढकलली की जो वारा येतो, तोच एसी. गृहस्थांनी खाली सांडलेल्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यासारखे म्हणाले, “वॉटर पंप गेला. तो भोकातून ठिबकतो. एमसील लावा आणि मोकळे व्हा.”

गाडीबद्दल एक खुलासा करून टाकतो, कारण आमच्या मराठी मंडळींना जुनी फियाट म्हटलं की डुक्कर फियाटच आठवते. आमची ती नव्हे. आमची तिच्या पुढची, सरळ नाकाची, गिअर स्टिअरिंगला असलेली. हा खुलासा मी लग्नकार्यातही करतो. दुसरं म्हणजे, इंग्रजांच्या काटेकोर हिशेबाने ‘विंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी, बाकी सगळ्या नुसत्या जुन्या. हे मला अनेक वर्षं सलत होतं. पण २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने नियम काढला की पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज. तिला नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळणार. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. मी पेढे वाटले. बायकोने नियम पुढे वाचला: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणे आणि देखभाल-दुरुस्ती.

“म्हणजे कायद्याने ही गाडी फक्त मिरवायला आणि दुरुस्त करायला आहे,” ती म्हणाली. “अहो, सरकारला आपली गाडी बरोब्बर कळलीय.”

मिरवण्याचा योग जवळच आला होता. शहरात जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि मी बंद गळ्याचा कोट ड्रायक्लीनला टाकला होता. हैदराबादेत या खेळात उतरणं म्हणजे फार वरच्या माणसांशी तुलना ओढवून घेणं. चौमहल्ला पॅलेसमध्ये सहाव्या निजामांनी, मीर महबूब अली खानांनी, मागवलेली पिवळीधमक रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट उभी आहे. मागे सिंहासनासारखी उंच बैठक. गाडी तयार होऊन येण्याआधीच, १९११ साली, निजाम गेले. नंतरही ती समारंभापुरतीच बाहेर निघाली, म्हणून फारच थोडे मैल चालली. लोक तिच्यापुढे उभे राहून उसासे टाकतात. मीही टाकतो, पण माझा उसासा जरा कडवट असतो. चाललीच नाही ती गाडी गळेल कशी? उद्या ती उदगीरला नेऊन आणा, आणि मग दाखवा मला खालची फरशी.

तर पंप. गोशामहलला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या गर्दीत एक उस्ताद बसतात. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि माझ्याविषयी यत्किंचितही आदर नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, पंख्याचं पातं दोन बोटांत धरून पुढेमागे हलवलं. पातं हललं. या गाडीत पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो, तेव्हा पंखा डुलतोय म्हणजे आतली बेरिंग निकालात निघाली.

“शेजारी म्हणतात, भोक बुजवून टाका,” मी उर्दूत सांगितलं. माझं उर्दू उस्तादांसमोर फार शुद्ध होतं, तो एक वेगळाच दोष.

“नक्को साब,” उस्ताद म्हणाले. “वो छेद कंपनी दियेली है. सील गया तो पानी वहाँ से बाहर आता. बंद करे तो पानी कां जाता? बेरिंग में जाता. बेरिंग टूटी तो पंखा रेडिएटर में घुसता. फिर आप मेरे कू गालियाँ देते.”

पंपाच्या पोटात एका बाजूला पाणी फिरवणारी चकती, दुसऱ्या बाजूला बेरिंग, मध्ये सील. सील झिजलं तर पाणी बेरिंगपर्यंत पोचायच्या आत बाहेर पडावं म्हणून ते भोक. ते गळतं, म्हणजे ते कामावर आहे. हे ऐकून मला आमच्या गृहस्थांवर विजय मिळवल्याचा जो आनंद झाला, तो पंप दुरुस्त झाल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता, हे इथेच नोंदवून ठेवतो.

“पानी कौनसा डालते?” उस्तादांनी विचारलं.

इथे मला थांबता आलं नाही. वाचकांनीही थांबू नये, पुढचा भाग माझा लाडका आहे.

हैदराबादेत म्हण आहे की ज्याने गंडीपेटचं पाणी प्यालं, तो हे शहर सोडून जात नाही. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. २८ सप्टेंबर १९०८ ला मूसी नदी शहरात घुसली आणि हजारो माणसं वाहून गेली. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंच आहे, तिच्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. पुन्हा असं होऊ नये म्हणून निजामांनी बोलावलं कोणाला? विश्वेश्वरय्यांना. आणि विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले कुठे? पुण्यात! त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसले कुठे? १९०३ साली खडकवासल्याला! (ते जन्माने म्हैसूर संस्थानातले, हा तपशील मी पाहुण्यांना चहा झाल्यावर सांगतो.) मग मूसीवर उस्मानसागर झाला १९२० मध्ये, आणि इसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये. म्हणजे हैदराबादला पुरातून वाचवलं आणि वर पाणी पाजलं ते पुण्याच्या शिक्षणाने, असं माझं म्हणणं आहे. तेलुगू मित्र हे ऐकून हसतात. कन्नड मित्र हसत नाहीत.

आणि आता तर शहराला गंडीपेट पुरतही नाही. नळाला मांजरा येते, ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते. कृष्णा येते, ती महाबळेश्वरची. गोदावरी येते, ती त्र्यंबकेश्वरची. आमच्या स्वयंपाकघरात तोटी सोडली की तिन्ही माहेरवाशिणी एकदम हजर! मी एकदा मराठी मंडळाच्या कोजागरीला यावर पंधरा मिनिटं बोललो होतो. दूध आटलं, असं मागून कोणीतरी म्हणालं.

हे सगळं मी उस्तादांना सांगितलं असं नाही. खडकवासल्यापर्यंत आलो होतो.

“नल का पानी नक्को,” ते म्हणाले. “बोरिंग का तो बिल्कुल नक्को. खार जमता अंदर. नीचे लोहा, ऊपर अलमुनियम, खा जाता. कूलंट डालो.” माझ्या तिन्ही नद्या त्यांनी एका वाक्यात निकालात काढल्या.

काम मात्र बघण्यासारखं होतं. पुलर लावून चकती दांड्यावरून ओढली. दांड्यावर सीलच्या जागी गंजाची खोलगट रेघ पडलेली. तो शेजारच्या लेथवाल्याकडे पाठवला. नव्या बेरिंगा आल्या, सील आलं. पॅकिंगचा तयार कागद दुकानात मिळाला नाही, तेव्हा उस्तादांनी कोरा जाड कागद पंपाच्या तोंडावर ठेवला आणि लहान हातोडीने कडेकडेने टकटक करत गेले. धातूच्या कडेवर कागद आपोआप कापला जात होता. बोल्टांची भोकंसुद्धा तशीच, नेमकी जागच्या जागी. माप नाही, कात्री नाही. मी व्हिडिओ काढायला फोन वर केला, तर म्हणाले, “उजाला छोडो साब.”

त्या टकटकीत मला अण्णा आठवले. वडिलांनी ही गाडी एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती, पण ती नवीच आहे असं ते वागत. आम्ही मूळचे उदगीरकडचे. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीरला, आणि एवढा जंगी विजय मिळवून आमचं घराणं पुढे नोकरीला लागलं ते निजामाच्याच रियासतीत. अण्णा हैदराबादेत कारकून झाले तेव्हा गाव आणि शहर एकाच राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्या राज्याचे तीन तुकडे झाले. गाव मुंबई राज्यात, वाटेतलं बिदर म्हैसुरात, आणि अण्णांचं टेबल आंध्रात. सुट्टीत गाडी निघायची, झहीराबाद, बिदर, मग मांजरा ओलांडून उदगीर. नदीपाशी ते हटकून थांबत. रेडिएटर थोडा थंड होऊ देत, टोपणावर ओलं फडकं टाकून अर्धा आटा फिरवत, वाफ जाऊ देत आणि मग डब्याने नदीचं पाणी घालत. गरज असो वा नसो. आई म्हणायची, “घरून भरलेलं पाणी काय वाईट होतं?”

पुण्याचे नातेवाईक आले की विचारत, “मग, परत कधी येणार महाराष्ट्रात?” प्रेमानेच विचारत, आणि तेच मला अजून सहन होत नाही. कुठून परत? अण्णा कुठे गेलेच नव्हते. ते खुर्चीत बसले होते आणि सीमा उठून गेली. वाटण्या करणाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली, ती अण्णांच्या सुट्टीच्या रस्त्यावरून दोनदा गेली. त्यावर रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नाही. प्रश्न आला की ते उठून अंगणात जात आणि बॉनेट उघडत. लहानपणी मला वाटायचं, ही गाडी फार बिघडते.

उस्तादांनी पंप बसवला, पट्टा ताणला, अंगठ्याने दाबून बघितला, हिरवं कूलंट घातलं आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. खाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठा कोरडा. पैसे सांगितले ते इतके माफक होते की मला थोडा अपमान वाटला. विंटेज गाडीला शोभेल असा आकडा असायला हवा होता, म्हणजे चार ठिकाणी वैतागून सांगता आला असता.

प्रदर्शनात माझ्या एका बाजूला लांबलचक अमेरिकन ब्यूक होती, दुसऱ्या बाजूला खरीखुरी तीसच्या आधीची ऑस्टिन. मधल्या जागेत मी, कोट आणि डिलाइट. तीन-चार मुलांनी ब्यूकबरोबर फोटो काढताना माझ्या मडगार्डवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र बॉनेट उघडायला लावलं, पंपाकडे बघितलं आणि विचारलं, “काम किसका है?” मी उस्तादांचा पत्ता सांगितला. माझं नाव त्यांनी विचारलं नाही.

रात्री पुण्याहून आतेभावाचा फोन आला. फोटो पाहिले म्हणाला, छान दिसतोस, कोट जरा घट्ट होतोय. मग म्हणाला, “आता पंप नवा झालाय, तर घेऊन ये की गाडी पुण्याला. किती दिवस नुसतं म्हणतोयस!”

मी त्याला नियम समजावून सांगितला. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल, दुरुस्ती. नातेवाइकांना भेटणं यादीत नाही.

“मग?” तो म्हणाला.

“मग तुझ्या ओळखीत एखादा चांगला मेकॅनिक बघून ठेव,” मी म्हणालो. “कार्ब्युरेटर जरा कुरकुरतोय.”