जिंकलात? आता लागा कामाला

मानवत तालुक्यात दावा कोण जिंकला हे विचारावे लागत नाही. शेतात काम करताना दिसतो तो हरलेला. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सच्या दुकानापुढे उभा असतो तो जिंकलेला. त्याच्या पिशवीत हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल असते आणि ती लॅमिनेट करावी की नाही, एवढाच निर्णय आता त्याच्या हातात उरलेला असतो.

ही भानगड काही आजची नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच दरभंगा राजच्या एका प्रकरणात म्हणून ठेवले. साहेब गेले, प्रिव्ही कौन्सिल गेले. अडचणींना मात्र आपण मुदतवाढ दिली.

तेव्हा नवशिक्यांसाठी थोडे मार्गदर्शन. शेत आपले आहे असे कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचे, तर १९६३ च्या मुदत कायद्याचा अनुच्छेद ५८ तीन वर्षे देतो. ती मोजायची दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा निर्माण झाला तेव्हापासून. पुढे कितीदा आगळीक झाली तरी मुदत नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये खत्री हॉटेल्सच्या निकालात सांगितले आहे. म्हणजे धाकट्याने दिवाळीत बांधावर उभे राहून ‘दादा, ह्या शेतात तुमचं काही नाही’ म्हटले, की दादाने हातातली करंजी खाली ठेवून वकील गाठावा. दादा काय करतो? मामांना बोलावतो. मामा म्हणतात, ‘अरे, घरातलंच आहे, बसून मिटवू.’ मग कापूस विकू दे, तुरीची रास होऊ दे, पोरीचं लग्न उरकू दे. चौथ्या वर्षी मामाच म्हणतात, ‘टाक बाबा आता दावा!’

बरे, वेळेत टाकला आणि जिंकला, तरी नुसते जाहीर करणाऱ्या हुकूमनाम्याची बजावणी होत नाही, कारण त्यात कोणाला काही करायला सांगितलेलेच नसते. ताबाही मागावा लागतो. मागता येत असून मागितला नाही, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ३४ जाहीरही करू देत नाही. (ज्याला हे नाव एका दमात म्हणता येईल त्यालाच न्याय मिळावा, अशी योजना असावी.)

आता बजावणी. दरखास्त टाकायला बारा वर्षे, अख्खे एक तप. कायदा उदार वाटतो ना? अपिलाला उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली सबळ कारण सांगून माफी मागता येते. बजावणीच्या दरखास्तीला मात्र हे कलम लागू नाही. हरलेल्याला दयेची सोय आहे. जिंकलेल्याला ती कशाला लागेल, असा सरळ हिशेब.

वाटणीच्या दाव्यात तर बहारच. हुकूमनामा मुद्रांकावर उतरवावा लागतो. तो उतरलाच नाही, म्हणून बारा वर्षे सुरूच झाली नाहीत, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये चिरंजी लाल विरुद्ध हरी दास या प्रकरणात मोडीत काढला. मुदत निकालाच्या तारखेपासूनच धावते. धावणारी तेवढी एकच गोष्ट. शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद परभणीला जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलला, तिथून मोजणीला. मोजणीवाले येतात तेव्हा कापूस उभा असतो. कापूस निघतो तेव्हा नोटीस पोचलेली नसते. नोटीस पोचते तेव्हा पाऊस लागलेला असतो.

पण खरी मजा सरकारशी गाठ पडल्यावर. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्या शेतकऱ्याला मावेजा कमी वाटला तर तक्रारीला सहा आठवडे. सरकारला कोणावर दावा करायचा असेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे तीस वर्षे. १९०८ च्या मुदत कायद्यात साठ होती, स्वराज्य आल्यावर निम्मी केली, नाही असे नाही. सरकार हरले तरी तीन महिने बजावणी नाही. अनंतनागच्या भूसंपादन कलेक्टरला अपिलात चार दिवसांचा उशीर झाला, तेव्हा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदारपणे तो माफ केला. तेव्हापासून वर्षानुवर्षांच्या उशिरालाही हे चार दिवस आधाराला घेतले जातात.

मग कधीतरी बेलिफ वाढीव मावेजापोटी साहेबांची खुर्ची जप्त करायला जातो. पेपरात फोटो येतो. खुर्ची विकून मावेजाचे एका दिवसाचे व्याज तरी निघेल का, हे कोणी विचारत नाही. दुपारी सरकारी वकील मुदत मागतात, संध्याकाळी साहेब खुर्चीवर.

सर्वोच्च न्यायालयालाही हे पटत नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे त्याने २०२१ मध्ये सांगितले. मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगितले, नाहीतर न्यायाधीशांना जाब द्यावा लागेल असेही बजावले. ऑक्टोबरात मोजदाद आली. देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून, आणि त्यातल्या ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत. कांदा आणि द्राक्षांबरोबर महाराष्ट्राचा याही पिकात पहिला नंबर. वादीची तीन वर्षे उलटली की दावा मरतो. कोर्टाचे सहा महिने उलटले की पुढची तारीख पडते.

पैसे बुडवणाऱ्यासाठी एक उपाय उरतो, दिवाणी तुरुंग. पाच हजारांवरच्या रकमेला जास्तीत जास्त तीन महिने. तिथल्या जेवणाचा भत्ता जिंकलेल्याने भरायचा, तोही आगाऊ. भत्ता चुकला की कैदी सुटला. सुटला म्हणून देणे फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यासाठी त्याला पुन्हा आत टाकता येत नाही. म्हणून अनुभवी मंडळी वॉरंट काढण्याआधी गावात हळूच चौकशी करतात, गडी एका वेळी भाकरी किती खातो?