पुढे एकोणीस, मागे अकरा

गाडीचा एसी बिघडला की चारचौघे गॅरेजात जातात, पैसे मोजतात आणि विषय संपवतात. व्हॅनवाल्या काकांचा विषय त्या दिवशी सुरू होतो. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू, काचा वर, आणि डॅशबोर्डाच्या जाळीत खुपसलेली एक वायर. वायरीच्या दुसऱ्या टोकाला माशांच्या टाकीचा डिजिटल थर्मामीटर. मासे केव्हाच गेले, थर्मामीटर सेवेत राहिला. काका मांडीवरच्या वहीत लिहितात: बाहेर 34, पुढे 19, मागे 11. मग ब्लोअरच्या घरघरीवरून ओरडतात, "मागे कसं वाटतंय गं?"

"छान आहे," मागच्या सीटवरून काकू म्हणतात. "तुम्हीही या मागे."

"मग चालवेल कोण?"

काका वहीत नोंद करतात: मागे, समाधानकारक.

अशी माणसे पुण्यात पेठांपासून कोथरूडपर्यंत आणि नाशिक-ठाण्यातही सापडतात. 2000 साली क्वालिस आली, 2001 साली व्हर्सा. व्हर्साची जाहिरात बच्चन पितापुत्रांनी केली होती आणि वरच्या मॉडेलला पुढे एक, मागे एक असा दुहेरी एसी होता. तेव्हा घरात दोन मुले, आई-वडील, शिवाय अष्टविनायकाला निघताना हमखास हजर होणारी आत्या. आठ सीट कमी पडायच्या. आता मुले बंगळुरू आणि न्यू जर्सीला, आत्याचे गुडघे गेलेले, आणि आठ सीटमध्ये दोन माणसे. "एवढी मोठी गाडी कशाला ठेवलीय?" असे काकांना कोणी विचारायचे नसते. विचारलेच, तर काका कंडेन्सरविषयी बोलायला लागतात. काकांची गाडी नेमकी कोणती, ते मी सांगत नाही. उगाच कंपनीची बदनामी नको. शिवाय यात कंपनीचा काय दोष? वीस वर्षांनी माणसाचे सांधे धरतात, तिथे रबराच्या ओ-रिंगने मऊ राहावे ही अपेक्षाच चुकीची.

काका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. हे सांगितल्याशिवाय त्यांचे आणि एसीवाल्याचे भांडण समजणार नाही. एसीवाला गाडीकडे न बघताच म्हणतो, "काका, गॅस कमी झालाय. भरून टाकू." आपण सगळे इथे मान डोलावतो. काका खुर्ची मागवतात.

"कमी झाला म्हणजे कुठे गेला?"

"उडाला असेल."

"उडाला? हे पेट्रोल आहे का जळायला? बंद सर्किट आहे. कॉम्प्रेसर दाबतो, कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतो, व्हॉल्व्हमधून सुटला की कूलिंग कॉइलमध्ये गार होतो, परत कॉम्प्रेसरकडे. तोच गॅस फिरत राहतो. अर्धा किलो जमा होता, आज शिल्लक कमी दिसते, तर खर्च कुठल्या खात्यावर पडला ते दाखव."

एसीवाल्याची पंचाईत होते, कारण काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे असते. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक आजच बांधून ठेवणे. मग काका स्वतःच बॅटरी घेऊन खाली वाकतात आणि पाइपच्या सांध्यांवर तेलकट, धूळ धरलेला डाग शोधतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, त्यामुळे गॅस जिथून निसटतो तिथे तेल खूण ठेवून जाते. डाग सापडला की साबणाचे पाणी. बुडबुडा आला की काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पाहिला नव्हता. ओ-रिंग बदलून, अर्धा तास व्हॅक्यूम मारून, मोजून गॅस भरला जातो. त्या अर्ध्या तासात एसीवाल्याला मॉन्ट्रियल करार (1987) समजावला जातो: ओझोन, जुना आर-12, त्याच्या जागी आलेला 134ए, आणि हा 134ए एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ कशी होते ते. "आणि तू म्हणतोस उडाला!" एसीवाला चहा घेऊन येतो. तो काकांसाठी असतो की स्वतःसाठी, हे कळत नाही.

या गाड्यांची एक गंमत अशी, की काकांच्या व्हॅनसारख्या कित्येक व्हॅनचे इंजीन पुढच्या सीटखाली असते. बॉनेट उघडून मान खुपसण्याची सोय नाही. इंजीन बघायचे तर सीट उचलायची, आणि सीटवर काकू. त्यामुळे काकांचे प्रत्येक निदान "जरा उठतेस का?" या वाक्याने सुरू होते. काकू लग्नाच्या वरातीतून उठल्या आहेत, टोलनाक्याच्या रांगेत उठल्या आहेत, एकदा तर तोंडात घास असताना उठल्या आहेत. शेवटी त्यांनी मागची सीट धरली. खाली इंजिनाची धग नाही आणि वरून गार वारा. आता काका पुढे एकटे, घामाघूम, आणि काकू मागे ऐसपैस. पेट्रोल पंपावरचा मुलगा पैसे मागायला थेट काकूंकडे जातो.

मागचा एसी गार आहे, त्याचे श्रेय मात्र काकांचेच. कॉम्प्रेसर एकच, गॅस एकच, पण मागे कूलिंग कॉइल वेगळी आणि ब्लोअरही वेगळा. तिथले कूलिंग बसले, तेव्हा सगळ्यांनी गॅसचे नाव घेतले. काकांनी जाळी उघडली. आत धुळीचा नमदा, त्यात चिवड्यातले दाणे, एका मुंजीच्या अक्षता, आणि शिवनेरी बसचे तिकीट. व्हॅन असताना बसने कोण गेले, याची चौकशी घरात आठवडाभर चालली. ब्रश फिरला, हवा वाहू लागली, आकडा अकरावर आला.

ब्लोअरचेही तसेच. पुढचा पंखा फक्त चार नंबरवर चालतो. एक, दोन, तीन मेले आहेत. रेझिस्टन्स जळाला की असेच होते, कारण चार नंबरला वीज थेट मिळते आणि खालच्या वेगांना त्याच्यातून जावे लागते. काकांना हे माहीत आहे. नाना पेठेतून नवा रेझिस्टन्स आणूनही झाला आहे. तो पुडीसकट ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. बसवत का नाही, विचारले तर म्हणतात, "सगळी रीडिंग चार नंबरची आहेत. मध्येच बदल केला तर तुलना कशी करणार?" म्हणून त्या गाडीत गेली कित्येक वर्षे सगळे संभाषण ओरडून होते. व्याही बसले तेव्हा त्यांना वाटले, भांडण चाललेय.

पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला झाला. दुसरा कोणी वर्तमानपत्र अंथरतो. काकांनी बोट बुडवून नाकाशी नेले. गोडसर वास आला तर हीटरमधून कूलंट गळते आहे, वास नाही आला तर ते साधे दवाचे पाणी, बाहेर जाणारी नळी तुंबलेली. काकू म्हणाल्या, "चाटू नका म्हणजे झालं." कूलंट विषारी असते, तेव्हा सल्ला शास्त्रोक्त होता. नळी तुंबलेली निघाली.

आणि सिग्नलची गोष्ट तर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. हायवेवर पुढचाही एसी बरा चाले, सिग्नलला उभे राहिले की गरम. काका लाल दिव्यावर उतरले, पाण्याची बाटली पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर रिकामी केली आणि धावत आत येऊन थर्मामीटर बघितला. आकडा घसरला! म्हणजे कंडेन्सरला उभ्या गाडीत हवा मिळत नाही, म्हणजे त्याचा पंखा बंद. निदान अचूक. मागच्या रिक्षावाल्याने जे निदान केले, ते गाडीविषयी नव्हते.

एसीच्या इतिहासातली काकांची आवडती हकिगत पॅकार्डची आहे. या अमेरिकन कंपनीने 1939 मध्ये कारखान्यातूनच एसी बसवलेली मोटार बाजारात आणली. त्या एसीला क्लच नव्हता. तो बंद करायचा तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि कॉम्प्रेसरचा बेल्ट हाताने काढायचा. लोक हे ऐकून हसतात. काका मात्र ते सांगताना उसासा सोडतात. असली गाडी आपल्याला मिळाली नाही, ही त्यांची खरी खंत असावी.

एवढे सगळे झाल्यावर पुढचा आकडा कुठे होता? एकोणीसवर. पंखा नवा, गॅस पुरेसा, सांधे कोरडे, आणि काकांच्या अंगावर मे महिन्यात जेमतेम गार झुळूक. डॅशबोर्ड उतरवून कॉइल आणि व्हॉल्व्ह बदलायचे ठरले. डॅशबोर्ड उतरवणे हे या मंडळींच्या आयुष्यातले मोठे कार्य असते. मुहूर्त ठरला. एसीवाल्याने आपल्याकडच्या पोऱ्याला पुढे धाडले. बारावी नुकतीच संपलेली, एका कानात इयरफोन.

त्याने मागच्या जाळीवर हात धरला, पुढच्या जाळीवर धरला. "काका, मागे एवढं गार येतंय म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर ओके. लोचा पुढच्या डब्यातच आहे." मग डॅशखाली हात घालून दोन रबरी पाइप चाचपले. दोन्ही कढत. "तुमचा हीटर चालू आहे."

"खटका निळ्यावर आहे," काका म्हणाले.

"खटका निळ्यावर आहे, पण त्याची केबल सुटलीय. गरम पाण्याचा कॉक उघडाच राहिलाय." त्याने कॉक हाताने बंद केला आणि प्लास्टिकची पट्टी ओढून करकचून बांधला. "पुण्यात हीटर कशाला लागतो?"

उन्हाळाभर पुढच्या डब्यात एसी आणि हीटर शेजारी शेजारी बसून एकमेकांचे काम उधळत होते. दहा मिनिटांत आकडा आठवर आला. काकांनी थर्मामीटर झटकून पाहिला. आठच. पोऱ्याने फक्त चहाचे पैसे मागितले, आणि तेच काकांना जास्त लागले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. काकू पुढच्या सीटवर परत आल्या, स्कार्फ बांधून बसू लागल्या. वहीत रोज तोच आकडा. रविवारी काका पार्किंगमध्ये यायचे, गाडी चालू करायचे, थोडे बसायचे आणि बंद करून वर जायचे. नवीन रेझिस्टन्सही याच काळात बसवला गेला. गाडीत कुजबुजले तरी ऐकू येऊ लागले, पण बोलायला काही उरले नव्हते. एकदा शेजाऱ्यांच्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीपाशी ते रेंगाळताना दिसले. शेजाऱ्यांनी घाईने काच वर केली.

डिसेंबरात दोघे महाबळेश्वरला गेले. हा पुढचा भाग काकूंनी सांगितलेला. पहाटे वेण्णा तळ्याकडे निघताना बोटे गारठली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हीटर लावा की." काकांनी खटका लालवर सरकवला, ब्लोअर लावला. गार वारा. थोडे थांबले, इंजीन तापू दिले. काट्याने मधली रेघ गाठली. वारा गारच.

काका सरळ होऊन बसले. गाडी कडेला घेतली, खिशातून बॅटरी काढली आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चढला, "जरा उठतेस का?"

सीट उचलली गेली. वाफा धुक्यात मिसळल्या. काकांनी हीटरचा एक पाइप धरला, मग दुसरा, आणि लहान मुलासारखे ओरडले, "एक गरम, एक गार!" वही उघडली. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, पण मग काटा वर चढला नसता, म्हणून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पाण्यात हवा धरली असेल. हीटरच्या कोअरमध्ये गाळ बसला असेल. पाण्याचा पंप थकला असेल.

काकू शाल गुंडाळून रस्त्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या मुलानं मे महिन्यात खाली काहीतरी बांधलं होतं ना हो?"

"ते शेवटी बघू," काका पेन झटकत म्हणाले. "आधी क्रमाने जाऊ."