तुमच्या चिरंजिवांनी कन्सोल सोडला

कोलंबस, ओहायो
१५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना


रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "चालता कन्सोल घरात असताना हा सुट्या भागांचा पसारा कशाला मांडलाय?" पाठोपाठ भाऊजींनीही विचारलं, की त्यांच्या लेकालासुद्धा कन्सोल सोडून पीसी हवाय, तर घेऊन द्यावा का. या प्रश्नांची उत्तरं फोनवर देता येत नाहीत. मी एक वाक्य बोलले की मागून तुमचे चिरंजीव ते दुरुस्त करतात, आणि त्यांनी दुरुस्त केलेलं आमचे चिरंजीव पुन्हा दुरुस्त करतात. म्हणून हे पत्र. दोघेही आत्ता ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर अपडेट करत बसलेत, तेव्हा मला थोडी उसंत आहे.

मुळात आमच्या कन्सोलची काही तक्रार नव्हती. प्लेस्टेशन ४ म्हणजे २०१३ साली बाजारात आलेली वस्तू. पंखा हल्ली फार घोंघावायचा, पण बटण दाबलं की गेम सुरू व्हायचा. इथल्या दुसऱ्या एका मराठी कुटुंबाशी आमची डिस्कची देवाणघेवाण चालायची. त्यांची डिस्क आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, डिस्कबरोबर कधी डबाही. नव्या पीसीत डिस्क घालायला फटच नाही. गेम विकत घ्यायचा तो खात्यावर, उतरवायचा इंटरनेटवरून, आणि काही गेम तर शंभर जीबीच्या पुढे. डबा येणं बंद झालं आहे, हे मी आधीच नोंदवून ठेवते.

पीसी घ्यायचं कारण सांगितलं गेलं ते काटकसरीचं. तुमच्या चिरंजिवांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. कन्सोलवर विकत घेतलेला गेमसुद्धा मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर वरून वर्गणी भरावी लागते; पीसीवर ती लागत नाही. पीसीचे गेम सेलमध्ये निम्म्याहून कमी किमतीला मिळतात. शिवाय त्याच यंत्रावर नातवाचा अभ्यास होईल. (या ओळीवर तक्त्यात हिरवा रंग दिला होता.) सगळं मिळून दोन-तीन वर्षांत पीसी फुकटात पडतो, असं सिद्ध झालं.

मग ग्राफिक्स कार्डाची ओळ आली. बाबा, २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ निघाला तेव्हा अख्ख्या यंत्राची किंमत ४९९ डॉलर होती. चित्रं रंगवणारं नुसतं एक कार्ड, तेही मधल्या वर्गातलं, आरटीएक्स ४०६० नावाचं, २०२३ मध्ये निघालं ते २९९ डॉलरला. म्हणजे अर्ध्याहून जास्त कन्सोल एका कार्डात गेला; प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट अजून यायचेच होते. विंडोजचे पैसे वेगळे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि हेडफोन तर तक्त्यात नव्हतेच. त्यांच्यासाठी "इतर" नावाचं वेगळं पान उघडलं, आणि ते पान मला दाखवलेलं नाही.

तयार पीसी मिळत असताना सुटे भाग का, असं मी विचारलं. "तयार घेतला तर कळणार काय?" असं उत्तर मिळालं. हे वाक्य मी लग्नानंतर चिंचवडच्या घरी ऐकलेलं आहे, फ्रीज उघडा पडलेला असताना. कोणी म्हटलं होतं ते तुम्हाला आठवत असेल, बाबा.

खरेदीला मायक्रो सेंटरमध्ये गेलो. हे दुकान १९७९ साली इथे कोलंबसमध्येच सुरू झालं, आता अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आहे. आत शिरलं की रांगाच्या रांगा मदरबोर्ड, पंखे आणि केबली. तुम्हाला तिथे सोडलं तर जेवायला परत येणार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतली घासाघीस मात्र इथे चालत नाही. त्याऐवजी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असा तिन्हींचा संच एकत्र घेतला तर स्वस्त देतात. तुमच्या चिरंजिवांनी तरीही एकदा "यात अजून काही होईल का?" असं विचारून पाहिलं. विक्रेत्या मुलाला वाटलं, प्रोसेसरचा वेग वाढवण्याबद्दल विचारताहेत. त्याने फार मनापासून समजावलं.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. थंडीत इथली हवा हीटिंगमुळे इतकी कोरडी होते, की गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला तर ठिणगी उडते. तीच ठिणगी रॅमला किंवा मदरबोर्डाला बसली तर ते निकामी होऊ शकतात. म्हणून मोजे काढायचे, गालिच्यावर उभं राहायचं नाही, आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा आणि मगच भागांना. थोडक्यात, घरात कडक सोवळं होतं. मी चहा घेऊन गेले तर दोघेही एकदम ओरडले, "शिवू नकोस!" चहा स्वयंपाकघरातच प्यावा लागला, आणि मलाही उभ्यानेच.

प्रोसेसर बसवताना तुम्ही असायला हवे होतात. आताच्या या प्रोसेसरला पाय नसतात. केसाएवढ्या बारीक पिना खाली मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवायचा आणि वरून कडी दाबायची. कडी दाबताना भरपूर जोर लागतो आणि करकर आवाज येतो. हा आवाज यायचाच असतो, असं नातवाने सतरा व्हिडिओंच्या आधारे सांगितलं. तरी तुमच्या चिरंजिवांनी मान फिरवून डोळे मिटूनच कडी दाबली. त्यावर थर्मल पेस्टचा मटाराएवढा थेंब. हा थेंब मटाराएवढा की तांदळाएवढा, यावर दोघांत एवढा वाद झाला की शेवटी मी डब्यातला मटार आणून टेबलावर ठेवला.

मग शेवटच्या बारीक तारा. चालू करायचं बटण, रीसेटचं बटण, दिव्याची जोडी, सगळ्यांची दोन-दोन पिनांची टोकं, आणि मदरबोर्डावर त्यांची नावं इतकी लहान छापलेली की नातवाने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचली. आई, ती टोकं तुम्ही सुईत दोरा ओवताना घालता तो चष्मा लावून झटकन बसवली असतीत.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर काळाच. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. तुमच्या चिरंजिवांनी प्लग काढला. पुन्हा लावला. पुन्हा काळा. मग रॅम काढून लावली, कार्ड काढून लावलं, दुकानाची पावती शोधली. आतून मी सांगत होते की जरा थांबा. पण यंत्रातलं मला काय कळतं. खरी गोष्ट अशी, की डीडीआर५ जातीची रॅम नवीन मदरबोर्डावर पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड तिची चाचणी घेत बसतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडद्यावर काहीही दिसत नाही. दर वेळी प्लग काढल्यावर चाचणी पहिल्यापासून. शेवटी वरणाचा कुकर लावायला दोघांना बोलावलं, म्हणून यंत्राला हवा तेवढा वेळ मिळाला आणि चित्र आलं.

चित्र आलं तरी गेम मात्र अडखळत चालायचा, जुन्या कन्सोलहूनही वाईट. कार्डच सदोष आहे, असा निर्णय तुमच्या चिरंजिवांनी दिला. आमच्या चिरंजिवांनी मागे वाकून पाहिलं, तर मॉनिटरची केबल कार्डाला न लावता मदरबोर्डाला लावलेली होती. आमच्या प्रोसेसरमध्येही चित्र दाखवण्याइतकी थोडी ताकद आहे, तेवढ्यावरच सगळं चाललं होतं; कार्ड बिचारं बसूनच होतं. केबल हलवली आणि घरात दिवाळी झाली. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा मॉनिटर विंडोजमध्ये ६० हर्ट्झवरच चालतो आहे, हे पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोपर्यंत मात्र दोघेही "किती गुळगुळीत दिसतंय!" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते.

आता मुख्य गोष्ट, भाऊजींसाठी. कन्सोलवर माणूस गेम खेळतो. पीसीवर बराच काळ तो पीसीच खेळतो. सेटिंगचं पान उघडलं की सावल्या लो, मीडियम, हाय आणि अल्ट्रा; गवत किती दूरपर्यंत दिसावं; पाण्यात प्रतिबिंब हवं की नको; कडांचा खडबडीतपणा कोणत्या पद्धतीने घालवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. जुन्या कन्सोलवर बरेच गेम ३० वर चालायचे आणि आम्हाला तो आकडा असतो हेच माहीत नव्हतं. आता ८७ चा ८१ झाला की तुमच्या चिरंजिवांचा चेहरा उतरतो. समोर राक्षस आ वासून उभा असतो आणि हे कोपऱ्यात बघत मरतात. परवा मला स्वयंपाकघरातून हाक मारून हाय आणि अल्ट्रा सावलीतला फरक दाखवला. मी "हो, दिसतो ना" म्हणाले. संसारात एवढं करावं लागतं.

कीबोर्ड-माउसची सवय हा वेगळाच अध्याय. डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर, उजव्या हातात माउस. ही पद्धत पसरवली ती थ्रेश नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने. १९९७ मध्ये क्वेक गेमची स्पर्धा जिंकून त्याने तो गेम लिहिणाऱ्या जॉन कार्मॅकची फेरारी बक्षीस मिळवली. हे नातवाने सांगितलं, त्याच्या बाबांना प्रेरणा मिळावी म्हणून. तुमच्या चिरंजिवांचा नायक मात्र एक तर आकाश न्याहाळतो, नाही तर स्वतःच्या पायांकडे बघतो. शेवटी प्लेस्टेशनचाच जुना कंट्रोलर केबलने पीसीला लावला. तो मुकाट्याने चालला. म्हणजे एवढा खर्च करून हे त्याच सोफ्यावर, तोच कंट्रोलर हातात घेऊन बसलेत. पीसी आता टीव्हीला जोडलाय.

पीसीच्या बाजूनेही सांगायला हवं. स्टीम नावाचं ऑनलाइन दुकान आहे, व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये काढलेलं. गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. हा नियम मी छापून फ्रिजवर लावलाय. कारण सेल लागला की तुमचे चिरंजीव "मिळतोय तर घेऊन ठेवू" या तत्त्वावर खरेदी करतात, आणि विकत घेतलेल्यांपैकी उघडलेले थोडेच. नातवाची गंमत वेगळी. लोकांनी घरी बसून केलेले फेरफार गेममध्ये घालता येतात. २०११ च्या स्कायरिम नावाच्या गेममध्ये त्याने ड्रॅगनच्या जागी लहान मुलांच्या कार्टूनमधलं थॉमस इंजिन घातलंय. बर्फाळ डोंगरावरून आगीचे लोळ सोडत निळी आगगाडी उडत येते. जुन्या कन्सोलवर हे होत नव्हतं, आणि हे पाहून मी पहिल्यांदा पीसीच्या बाजूने मत दिलं.

मीही खेळते, बरं का. दुपारी, दोघे नसताना. "राजी: ॲन एन्शंट एपिक" नावाचा गेम, तुमच्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या तिच्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिला शस्त्रं देतात, आणि किल्ले-वाडे राजस्थानी थाटाचे, हात लावावेसे. हा गेम आमच्या जुन्या कन्सोलवरही मिळत होता, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. आई, तुम्हीही सांगू नका.

तर भाऊजींना माझा निकाल असा. मुलाला शाळेतून येऊन तासभर खेळून उठायचं असेल, तर आहे तो कन्सोल राहू द्या. पीसीवर तो तास अपडेटमध्येच जाईल. पण ज्या मुलाने गेल्या गणपतीत मखराची माळ सुटी करून बल्ब मोजले, त्याला पीसीच घेऊन द्या, आणि तयार नको, भागच द्या. जोडायला बाबा आहेत. कार्डावर सगळे पैसे घालू नका, मॉनिटरचे आधी बाजूला काढा. आणि चिंचवडला वीज जाते तेव्हा मधल्या मध्ये बंद पडू नये म्हणून यूपीएस घ्याच; कार्डासकट सगळ्याचा भार पेलेल असा, दुकानदार म्हणेल तो सगळ्यात लहान नव्हे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सूनबाई