तसं काही नाही हो!

अमेरिकेत टेक्सासमधल्या एका सरकारी शाळेने 2023 साली शिस्तीत नवाच शोध लावला. ह्यूस्टनजवळच्या मॉन्ट बेल्व्ह्यू गावातला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी केसांच्या जटा डोक्यावर घट्ट बांधून वर्गात यायचा. शाळेचा नियम असा, की मुलांचे केस भुवया, कानाच्या पाळ्या आणि कॉलर यांच्या खाली येता कामा नयेत. येत नव्हतेच. पण शाळा म्हणाली, सोडले तर येतील! उद्या बाकावर गुपचूप बसलेल्या पोरालाही ‘उठला तर धावेल’ म्हणून अंगठे धरायला लावा.

जवळजवळ सगळं वर्ष पोरगं आपल्या वर्गाबाहेर. गंमत म्हणजे केसांचा पोत, वेण्या, जटा यांवरून वांशिक भेदभाव करायचा नाही, असा कायदा टेक्सासात 1 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे शिक्षा सुरू झाली त्याच सुमारास, लागू झाला होता. शाळेने तो भिंग लावून वाचला. पोत आहे, वेण्या आहेत, जटाही आहेत, लांबी कुठाय? फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधीशांनाही ती सापडली नाही. त्याच्या महिनाभर आधी शाळामंडळाच्या प्रमुखांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन कळवलं होतं, की अमेरिकन म्हणवायचं तर चारचौघांसारखं राहायला हवं.

या सगळ्यात प्रश्न वंशाचा आहे, असं शाळेने म्हटलं नाही. कुठलीच शाळा म्हणत नाही. ‘तसं काही नाही हो, शिस्तीचा प्रश्न आहे.’ आणि म्हणणाऱ्याला ते मनापासून खरंही वाटत असतं. येल विद्यापीठाने 2016 साली बालवाडीच्या शिक्षकांना चित्रफिती दाखवल्या आणि कोण खोडी काढतंय ते हेरायला सांगितलं. फितीत खोडी नव्हतीच! नजर टिपणाऱ्या यंत्राने मात्र दाखवलं, की डोळे सगळ्यात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले होते. कृष्णवर्णीय शिक्षकांचेसुद्धा.

यावर न्यू जर्सीतले आपले काका म्हणणार, ‘केसच ना? कापा आणि विषय संपवा. आपण बाहेरून आलेली माणसं.’ काका, ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या एका शाळेनेही एका शीख मुलाला हेच सांगितलं होतं: पगडी उतरव, केस काप, मग प्रवेश. बाप हटला नाही. 1983 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शीख हा वांशिक गट ठरवला आणि शाळा तोंडावर आपटली.

पण प्रत्येकाच्या नशिबी लॉर्ड्स नसतात. आपल्या मुलांबाबत असं काही झालं म्हणून शाळेत जाऊन आवाज चढवलात, की तुम्ही ‘कटकटे पालक’. मूळ विषय बाजूला आणि तुमच्या स्वभावावर मीटिंग. त्यापेक्षा घरी यावं, चहा घ्यावा आणि मेल टाकावी: ‘आज अमुक बाई वर्गात तमुक म्हणाल्या, असं मुलीने सांगितलं. हे कोणत्या नियमानुसार, ते कळवावं. हाच नियम यंदा आणखी कोणाकोणाला लावला, तेही लेखी द्यावं.’ दुसऱ्या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही. सूर तेवढा मऊ होतो. अमेरिकेत हीच मेल 1964 च्या नागरी हक्क कायद्याखालच्या तक्रारीला जोडता येते, घटनेपासून 180 दिवसांच्या आत. फक्त ती तक्रार घेणाऱ्या कार्यालयाच्या 12 पैकी 7 शाखा बंद करायचं फर्मान 2025 मध्ये निघालं, तेव्हा पत्ता आधी तपासून घ्या.

मेलची एक प्रत इकडे भारतातही पाठवा. गॅदरिंगच्या नाचात गोऱ्या मुली पुढे आणि सावळ्या मागे उभ्या करणाऱ्या आपल्या बाईंना. त्यांचं उत्तर तयारच आहे: ‘तसं काही नाही हो, उंचीप्रमाणे उभं केलंय.’