बॉबकाकांचे पुतणे

गायडेड बाय व्हॉइसेस हा बँड ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न त्याच्या चाहत्याला उभ्याउभ्या विचारू नये. त्याला खुर्ची द्यावी, आपणही एक घ्यावी, आणि रात्री कुणाकडे जेवायला जायचं कबूल केलं असेल तर तिथे निरोप धाडावा. तो आधी काहीच बोलत नाही. चष्मा काढून टी-शर्टाला पुसतो. मग तुम्हालाच विचारतो, "तुला काय आवडतं?" तुम्ही भाबडेपणाने 'बीटल्स' म्हणालात, की "मग अकरा अल्बम आहेत." 'थोडं पंक' म्हणालात, की "नऊ. पण त्यातले दोन आधी नको." आणि 'काहीही चालेल' असं चुकून तोंडातून गेलंच, तर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो बघून आपण काय करून बसलो ते तुमच्या लक्षात येतं.

मुळात दोष त्याचा नाही, बॉबकाकांचा आहे. रॉबर्ट पोलार्ड, जन्म १९५७, राहणार डेटन, ओहायो. राइट बंधूंचं गाव. कॉलेजात बेसबॉल खेळला, मग चौदा वर्षं शाळामास्तर होता, चौथीच्या पोरांना शिकवायचा. शाळा सुटली की मित्रांना तळघरात गोळा करून बिअर प्यायची आणि चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी भरायची, हा छंद. १९८७ साली पहिला अल्बम स्वतःच्या खिशातून काढला. कुणी विचारलं नाही. दुसरा काढला. कुणी विचारलं नाही. गावात बायकोपासून सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाटत होतं, की हा माणूस पैसे उडवतोय. १९९२ साली कर्ज डोक्यावर असताना 'प्रोपेलर' हा शेवटचा म्हणून काढला, ५०० प्रती, आणि छापील वेष्टनाचा खर्च नको म्हणून प्रत्येक वेष्टन हाताने चिकटवून-रंगवून केलं. अल्बम सुरू होताना गर्दी बँडच्या नावाचा गजर करताना ऐकू येते. ती गर्दी म्हणजे ही मंडळीच. श्रोते नव्हते, तेव्हा श्रोत्यांचा आवाजही त्यांनी घरीच भरला होता.

या शेवटच्या अल्बमनंतर तेहेतीस वर्षांत तीसच्या वर अल्बम आले.

२०१२ साली तीन. २०१९ साली तीन, त्यातला एक जोडअल्बम, बत्तीस गाण्यांचा. २०२० साली सगळं जग घरात बसलं होतं तेव्हा तीन. २०२३ साली पुन्हा तीन. आणि हे फक्त या एका नावाने. पोलार्डचे स्वतःच्या नावाचे अल्बम निराळे, बॉस्टन स्पेसशिप्सचे निराळे, सर्कस डेव्हिल्सचे आणखी निराळे. २०१७ चा 'ऑगस्ट बाय केक' हा सगळी नावं मिळून त्याचा शंभरावा. गाणी दोन हजारांच्या पलीकडे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. भरमसाट लिहिणाऱ्याला शहाणी माणसं कधी माफ करत नाहीत. पोलार्डचंही तेच. पण अर्नाळकरांच्या वाचकाला एक सुख होतं. त्याला त्या हजारांची क्रमवारी लावायची नव्हती.

आमच्या या गृहस्थाला ती लावायची आहे. त्याने ती संगणकावर तक्त्यात मांडली आहे. प्रत्येक अल्बमला दहापैकी गुण, तेही दशांश चिन्हासकट. 'युनिव्हर्सल ट्रूथ्स अँड सायकल्स' ८.३, 'अर्थक्वेक ग्लू' ८.४. हा एक दशांश कुठून आला, हे त्याला विचारून पाहा. तो दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्यापासून सुरुवात करील.

मात्र गुण देण्याआधी अल्बम नक्की किती, हे ठरायला हवं आणि तिथेच गाडी अडते. चाळिशी ओलांडली यावर एकमत आहे, त्यापुढे नाही. १९९६ साली चाहत्यांच्या क्लबापुरता काढलेला 'टॉनिक्स अँड ट्विस्टेड चेसर्स' धरायचा की नाही? १९९५ च्या पेटीसंचात उरल्यासुरल्या गाण्यांची जी तबकडी घातली होती, ती अल्बम की नुसती पुरवणी? दोन पन्नाशीतले गृहस्थ, दोघांनाही मुलांच्या कॉलेजच्या फिया भरायच्या आहेत, एका बारमध्ये रात्री अकरा वाजता या मुद्द्यावर एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. पुढच्या कार्यक्रमात समेट झाला. तो 'टॉनिक्स'वर नाही, दोघांनाही नावडणाऱ्या तिसऱ्या माणसावर झाला.

त्यातही 'सूटकेस' हे प्रकरण आहे. पोलार्डकडे जुन्या कॅसेटींनी भरलेली एक सूटकेस होती. २००० साली त्यातली शंभर नापास गाणी काढून त्याने चार तबकड्यांचा संच केला आणि गंमत म्हणून प्रत्येक गाण्याखाली कधीच नसलेल्या बँडची नावं घातली. पुढे असे आणखी तीन संच आले, प्रत्येकी शंभर गाण्यांचे. धान्य निवडताना माणूस खडे बाजूला काढून फेकतो. आमचा माणूस खड्यांची वेगळी बरणी करतो, तिच्यावर चिठ्ठी लावतो आणि त्यातले उत्तम खडे कोणते यावर शनिवार घालवतो. २०२१ चा 'अर्थ मॅन ब्लूज' तर टाकून दिलेल्या गाण्यांतूनच जुळवलेला आहे, आणि खरं सांगायचं तर बरा जमला आहे. त्याच्या तक्त्यात त्याला ८.१ आहेत. मी ८.३ दिले असते. संगत लागते ती अशी.

या जमातीत पंथ आहेत. सगळ्यांत कर्मठ तो कॅसेटपंथ. त्यांच्या लेखी इतिहास १९९२ ला सुरू होतो आणि १९९६ ला संपतो. 'बी थाउजंड' आणि 'एलियन लेन्स' हे दोन ग्रंथ प्रमाण. पहिल्यात वीस गाणी, दुसऱ्यात एक्केचाळीस मिनिटांत अठ्ठावीस. गाणं आवडायला लागावं तोवर ते संपलेलं असतं, आणि मग ते परत लावण्याखेरीज उपाय नसतो. या पंथात खरखर ही पवित्र गोष्ट आहे. 'बी थाउजंड'च्या पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गडप होते आणि थोड्या वेळाने परत येते. तुम्ही-आम्ही म्हणू, टेप गंडली. कर्मठ माणूस त्या क्षणाला डोळे मिटतो. 'एलियन लेन्स'मधल्या 'एक्स-सुपरमॉडेल' या गाण्यात मागे चक्क कुणीतरी घोरतंय. त्या घोरण्याच्या लयीबद्दल मी एकदा सविस्तर ऐकलं आहे. बोलणाऱ्याची स्वतःची बायको घोरते म्हणून हा दुसऱ्या खोलीत झोपतो.

दुसरा पंथ स्टुडिओवाल्यांचा. हे जरा सभ्य, जरा दुखावलेले. त्यांचं म्हणणं, की २००१ चा 'आयसोलेशन ड्रिल्स' हाच खरा उत्तम, कारण त्यात ड्रम ड्रमसारखे वाजतात. (मी याच पंथाचा. पण हे त्या बारमध्ये बोललो नव्हतो.) त्यांची अडचण ही, की 'आयसोलेशन ड्रिल्स'ची वकिली करायची तर त्याच्या आधीच्या 'डू द कोलॅप्स'चा हिशोब द्यावा लागतो. १९९९ साली काकांना वाटलं, की आता रेडिओवर वाजावं. म्हणून द कार्सच्या रिक ओकॅसेकला निर्माता नेमलं. सगळं स्वच्छ झालं, घासूनपुसून लखलखीत, सिंथेसायझर आले, आणि 'होल्ड ऑन होप' नावाचं एक संथ, गळा दाटून येईल असं गाणं आलं. रेडिओने दखल घेतली नाही ती नाहीच, उलट कॅसेटपंथाने या गाण्याला जे वाळीत टाकलं ते अजून आत घेतलेलं नाही. पुढे ते एका टीव्ही मालिकेत वाजलं, हे तर त्या पापाचं माप पुरं भरल्यासारखंच झालं.

तिसरा पंथ हल्लीचा. २०१६-१७ नंतर जमलेला संच, ज्यात जुना गिटारवाला डग गिलार्ड परत आला, तोच बँडच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ, असं हे लोक म्हणतात. म्हणताना त्यांचा आवाज चढतो, कारण आपलं कुणी ऐकत नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे, पण फार आहे. 'स्पेस गन' ऐकला आणि पटला, तर लगेच पुढचे बारा ऐकावे लागतात, आणि तेवढ्यात तेरावा आलेला असतो. मला स्वतःला हे दशक आवडतं, पण 'झेपेलिन ओव्हर चायना'तली दहा गाणी कुणी काढून टाकली तर मी पोलिसांत तक्रार देणार नाही. हे वाक्य तिसऱ्या पंथातल्या एकाला सांगितलं, तर त्याने शांतपणे विचारलं, "कुठली दहा?" मी पाच सांगितली. त्यातली चार त्याच्या सर्वकालीन यादीत निघाली.

तिन्ही पंथांत एकवाक्यता असलेली गोष्ट एकच. या बँडवर जगाने अन्याय केला आहे. हा विषय निघाला, की खरखरवाले आणि लखलखवाले खांद्याला खांदा लावतात. दाखले तोंडपाठ असतात. 'स्पिन' मासिकाचा लेखक जिम ग्रीर यांच्याबद्दल लिहिता लिहिता यांच्यातच बास वाजवायला लागला. द स्ट्रोक्सनी आपल्या व्हिडिओत यांना बोलावलं. आणि तरी शेजाऱ्याला नाव माहीत नाही! हे सांगताना त्याला दुःख होतं, असं वरवर दिसतं. पण समजा शेजाऱ्याला नाव माहीत निघालं. समजा तो म्हणाला, "हो, 'बी थाउजंड', मस्त आहे." मग बघा. आमच्या माणसाचा चेहरा पडतो. "हं. तो सगळ्यांनाच आवडतो," म्हणतो आणि घरात जातो. त्या रात्री तक्त्यात 'बी थाउजंड' ९.८ वरून ९.६ वर येतो आणि 'सेम प्लेस द फ्लाय गॉट स्मॅश्ड' हा १९९० चा, शेजाऱ्याच्या सात पिढ्यांनी न ऐकलेला अल्बम दोन पायऱ्या वर चढतो. अन्याय ही त्याची मिरास आहे. ती अशी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकता येत नाही.

कार्यक्रमांबद्दल फार सांगत नाही. मंचावर बिअरची पेटी, मागे क्लब उघडा असल्याची निऑनची पाटी, हातात माइक गरगर फिरवत मध्येच पाय डोक्यापर्यंत उडवणारे काका, आणि खाली गुडघ्यांना पट्टे बांधलेले पुतणे. 'प्रोपेलर'वर चार टाळक्यांनी केलेला तो गजर आता खरीखुरी माणसं करतात. ३१ डिसेंबर २००४ ला शिकागोच्या मेट्रोमध्ये बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, साठाच्या वर गाणी झाली, मोठमोठे पुरुष रडले. २०१० ला बँड परत आला. २०१४ ला पुन्हा मोडला. २०१६ ला 'प्लीज बी ऑनेस्ट' आला, त्यात सगळी वाद्यं काकांनी एकट्यानेच वाजवली होती. तेव्हापासून निरोपाला कुणी रडत नाही. फार तर तारीख लिहून ठेवतात.

या सगळ्या गुणपत्रिकांत एक मत कुठेही नोंदलेलं नाही. ते त्याच्या बायकोचं. तिने हा बँड लावून असा कधीच ऐकलेला नाही, आणि तिच्याइतका तो दुसऱ्या कुणी ऐकलेलाही नाही. भिंतीतून, जिन्यातून, मुख्यतः गाडीत. तिचा हिशोब रस्त्याचा आहे. डेटनहून सिनसिनाटीला निघाल्यावर 'एलियन लेन्स' वाटेतच संपतो आणि उरलेली काही मिनिटं शांततेत जातात, म्हणून तो चांगला. 'व्हॅम्पायर ऑन टायटस' त्याहून लवकर संपतो, म्हणून तो अधिक चांगला. 'झेपेलिन ओव्हर चायना' थेट कोलंबसपर्यंत पुरतो, आणि कोलंबसला तिची आई राहते, त्यामुळे तो विषयच नको.

तिला आवडलेलं गाणं मात्र एक आहे. मागे एकदा त्या शांततेच्या काही मिनिटांत तिने ते लावायला सांगितलं. गळा दाटून येणारं, टीव्हीवर वाजलेलं, तेच. तो म्हणाला, "अगं, ते स्वतः बॉबलासुद्धा आवडत नाही. तक्त्यात त्याला तीन गुण आहेत." ती म्हणाली, "लाव." त्याने लावलं. सिनसिनाटीचा पूल दिसायला लागला तेव्हा तिने विचारलं, तीन गुणांच्या गाण्याचे सगळे शब्द तुला पाठ कसे?

"अभ्यास करावा लागतो," तो म्हणाला, आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.