मान एकाला, मुलगी दुसऱ्याला

आमच्या साताऱ्याकडे फौजेतून परत आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरचा असो, लोक त्याला मेजरच म्हणतात. शिपाई म्हणून गेला, नाईक होऊन आला, तरी मेजर. या बढतीला दिल्लीची मंजुरी लागत नाही. एसटीच्या टपावरून काळी ट्रंक खाली उतरली की ती लागू होते. आमच्या शेजारचे मेजर मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून सुटले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. धाकटा मुलगा अजून बालवाडीत होता. मग त्यांनी एका बँकेच्या दारात, मांडीवर बंदूक घेऊन, स्टुलावर वीस वर्षं काढली.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, जिल्हा परिषदेत लिपिक म्हणून लागले आणि ५८व्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. गावाने त्यांना कधी कलेक्टर म्हणून हाक मारली नाही. ‘झेडपीतले’ एवढीच ओळख, आणि तीही ओठ जरासे मुडपून.

खरं म्हणजे हा निकाल आपल्या क्रियापदांनी केव्हाच लावून ठेवलाय. फौजेत माणूस ‘भरती’ होतो आणि सरकारी नोकरीला ‘चिकटतो’. एकाला पेन्शन ‘मिळते’, दुसरा ती ‘खातो’. पैसे दोघांच्याही खात्यात महिनाअखेरीला येतात, आणि ते ज्यांच्या खिशातून येतात ते लोकही तेच. पण व्याकरण वेगळं.

मी या दोन्हींतला नाही. ३१ वर्षं एका खासगी कारखान्याचे हिशेब लिहिले. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतून मला पेन्शन येते. या योजनेत सरकारने २०१४ पासून दरमहा किमान १,००० रुपयांची हमी दिलेली आहे, यावरून तिच्या प्रकृतीचा अंदाज यावा. मला २,८४० मिळतात. त्यामुळे दुसऱ्यांच्या पेन्शनीवर माझी मतं फार ठाम आहेत. जेवायला न बोलावलेल्या माणसाला पंगतीतल्या जिलब्यांची संख्या बिनचूक माहीत असते, तसं.

या मतांच्या मुळाशी काय आहे, याचा मी बराच विचार केला. मेजरांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडे रहिवासाच्या दाखल्याची झेरॉक्स मागितली नाही. त्यांनी ज्यांना अडवलं ते सीमेपलीकडचे. सरकारी खिडकीने अडवलं ते मला. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य मी सव्वाचार वाजताही ऐकलेलं आहे. फौजी आपल्याला भेटतो तो १५ ऑगस्टला, छातीवर पदकं लावून. कारकून भेटतो तो कडक उन्हात, आपली फाइल सापडत नसताना. देव आणि पुजारी यांच्याविषयी आपल्या भावना निराळ्या असतात, त्याचंही कारण हेच असावं. देवाशी आपला रोजचा व्यवहार नसतो.

आणि खरं सांगायचं तर फौजीविषयीच्या आदरात थोडा अंश कॅन्टीनच्या रमचाही असतो. ३१ डिसेंबर जवळ आला की आमच्या आळीत मेजरांच्या तब्येतीची चौकशी वाढते. झेडपीतून निवृत्त झालेल्या माणसाला असा कोटा मिळाला असता, तर त्याच्या कामाविषयी लोकांचं मत इतकं वाईट राहिलं नसतं.

पेन्शन मोजणारा आणि पेन्शन घेणारा यांच्यातली तेढ मात्र जुनी आहे, आणि तिचा मूळपुरुष आपलाच. १८१८ साली दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपये घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. रक्कम फार झाली, अशी कुरकुर कंपनीच्या लोकांत तेव्हाच झाली. त्यावर पेशव्यांनी जे उत्तर दिलं ते प्रत्येक पेन्शनरच्या मनात असतं: ते १८५१ पर्यंत जगले. ३३ वर्षं, अडीच कोटींच्या वर. ते गेल्यावर कंपनीने दत्तकपुत्र नानासाहेबांना पेन्शन नाकारली. नानासाहेबांनी अजीमुल्ला खानांना थेट लंडनला धाडलं, अर्ज फेटाळला गेला, आणि पुढचं १८५७ आपण शाळेत शिकलो. पेन्शनचं प्रकरण सरकारने हलक्याने घेऊ नये, हा त्यातला धडा परीक्षेत कधी विचारत नाहीत.

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या नोकरीतून उभा राहिलेला हक्क आहे, हे पुढे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात स्पष्ट केलं. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, म्हणजे पुण्याचे, म्हणजे पेन्शनरांच्या माहेरचे. सुधारित पेन्शन फक्त ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच मिळणार होती; तारखेच्या आधीचे वाऱ्यावर. मला या खटल्यात सगळ्यात आवडते ती अर्जदारांची जोडी. पहिले अर्जदार मुलकी नोकरीतून निवृत्त झालेले, दुसरे फौजेतून. एकाच कागदावर, एकाच्या खाली एक. आपण आळीत ज्यांच्या दोन रांगा लावतो ते तिथे एका रांगेत उभे होते. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी अजूनही पाळतात. दाजी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतात.

देहूरोडच्या किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी तर आपली आणखीच पंचाईत करून ठेवलीय. ते गणवेशात नव्हते, पण तोफगोळे त्यांनीच भरले. आमच्या नात्यात असे एक काका आहेत. लग्नाच्या मांडवात त्यांची ओळख ‘मिलिटरीतले’ अशी होते आणि महागाई भत्त्याची बातमी आली की ‘सरकारी’ अशी. संरक्षण खात्याच्या पेन्शनवर २०२५-२६च्या अर्थसंकल्पात १ लाख ६० हजार कोटींहून जास्त रक्कम धरलेली आहे, आणि या काकांसारख्या मुलकी लोकांची पेन्शनही त्यातच मोडते. म्हणजे आकडा ऐकून सलाम करावा की नाक मुरडावं, हे ठरवायला प्रत्येकाची वेगळी फाइल काढावी लागेल. आणि ती सापडणार नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो. अक्काला एकाच महिन्यात दोन स्थळं आली होती. एक मुलगा फौजेत, दुसरा झेडपीत. फौजीचे वडीलही पेन्शनर. ते बघायला आले तेव्हा आमचे वडील उठून उभे राहिले. कपाटातल्या बशा निघाल्या. पहिल्या महायुद्धात ज्या गावचे ४६ जवान कामी आले त्या आपशिंग्याचा विषय निघाला. त्या गावाचं नावच आपशिंगे मिलिटरी. वडिलांचा कंठ दाटून आला. पाहुणे गेले आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “माणसं देवासारखी आहेत. पण पोरगा वर्षातनं दोन महिने घरी. पोरगी कुणाच्या जिवावर द्यायची?”

दुसऱ्या रविवारी झेडपीवाले आले. साध्या कपात चहा झाला. वडील बसूनच बोलले. आणि सुपारी फुटली ती तिथेच. मान एकाला दिला, मुलगी दुसऱ्याला. आज मी दाजींच्या पेन्शनीवर टीका करतो ती त्यांच्याच झाडाचा हापूस खात, त्यांनीच बांधलेल्या पडवीत बसून. ज्या नोकरीला आपण कामचुकारांची म्हणतो, तीच जावयाला असावी म्हणून आपण नवस बोलतो.

१४ मार्च २०२३ला राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, शेअर बाजाराशी जोडलेली नवी योजना होती, म्हणून हा संप. आठवडाभर चालला. चहाच्या टपरीवर मी म्हणालो, “इतका पगार घेऊन वर पेन्शन कशाला?” मेजर शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “आमची माणसं जंतरमंतरवर बसली होती तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होता. आम्ही पण पेन्शनसाठीच बसलो होतो.” समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन, ही ती मागणी, २०१५ साली मान्य झाली. मी चहा बशीत ओतला. अशा वेळी चहा नेहमी गरम असतो.

आता आळीतला एक पोरगा अग्निवीर झालाय. चार वर्षं नोकरी, त्यांतल्या जास्तीत जास्त पाव लोकांना पुढे कायम करणार, बाकीच्यांच्या हातात सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि रामराम. पेन्शन नाही. तो पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा ट्रंकेऐवजी चाकांची बॅग होती, पण लोकांनी हाक मारलीच, “काय मेजर!” पोरगं लाजलं. त्याच्या आईने मला हळूच विचारलं, “तुमच्या दाजींची झेडपीत अजून ओळख आहे का हो?”

नोव्हेंबर आला की आम्ही तिघं बँकेत जातो, हयातीचा दाखला द्यायला. आपण जिवंत आहोत हे समोर उभं राहून सांगितलं तर सरकारला पटत नाही. यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. पूर्वी मेजरांचा कागद प्रयागराजला जायचा, द्रौपदी घाटावरच्या पेन्शन कचेरीत. “पत्ताच असा,” ते म्हणायचे, “धावा करायचा आणि वाट बघायची.”

यंदा यंत्राने मेजरांचा अंगठा घेतला नाही. दोनदा, तीनदा. रेषा झिजलेल्या. दाजींचाही घेतला नाही. ३४ वर्षं फायलींची पानं उलटून तोही गुळगुळीत. बँकेतली मुलगी म्हणाली, “आजोबा, उद्या या.” तेव्हा दाजी खुर्चीवरून उठले. खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांनी आवाज न चढवता तिला सांगितलं की चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, मोबाइल काढ, मी दाखवतो. आधी मेजरांचा काढून दिला, मग स्वतःचा. मेजर कॅमेऱ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले.

माझा अंगठा यंत्राने पहिल्या झटक्यात घेतला. मेजर म्हणाले, “एकदम कोरा आहे राव तुमचा.”

बाहेर टपरीवर दाजींनी विचारलं, “तुम्हाला किती येते हो?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी आकडा सांगितला. दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चहाचे पैसे मेजरांनी दिले आणि भज्यांचे दाजींनी. संरक्षण खातं आणि जिल्हा परिषद यांच्याकडून मला मिळालेला हा पहिलाच निवृत्तीचा लाभ. मी तो एक अक्षर न बोलता खाल्ला.