फक्त रसा

वहिनी, जरा कुंपणाशी या, मोठ्याने बोलता येत नाही. जाऊबाई आत निजल्यात. जेवण अंगावर आलंय म्हणे.

हो हो, डोंबिवलीच्याच. अकराला आल्या त्या नाक मुरडतच. "कसला गं वास?" आता रविवारी पलीकडच्या आंटीकडे काय शिजतं ते आपल्या ओळीतल्या मांजरांनाही ठाऊक. मी सरळ सांगितलं, डुकराचं. बिंबलं घालून. आणि बिंबलं आमच्या झाडाची.

या झाडाने किती जीव खाल्ला होता माझा! खोडालाच लगडतं मेलं, घोसच्या घोस, आणि सडा सगळा आंटीच्या अंगणात. पहिल्या वर्षी मी ओशाळून गेले, तर म्हणाली, "पडू दे गं बाय, अजून पडू दे." तेव्हापासून ठरलंय: बिंबलं माझी, डुक्कर तिचं, आणि एक वाडगा कुंपणावरून इकडे.

आज सकाळी मुद्दाम तिच्याकडे बघायला बसले. मडकं मातीचं. अॅल्युमिनियमचा टोप जवळ आणू देत नाही, आंबटाने कालवण कळकतं. चरबीसकट दोन बोटांचे तुकडे, रात्रीच व्हिनेगर, आलं-लसूण नि बाटली मसाला लावून ठेवलेले. मे महिन्यात कुटून बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात ना, तोच मसाला. कांदा परतला, मांस टाकलं, झाकणात पाणी ओतलं, आणि गॅस इतका बारीक की मला वाटलं विझला. आत पाण्याचा थेंब नाही. दोन तास! म्हटलं, कुकरला चार शिट्ट्या द्या की. असं बघितलंन माझ्याकडे! घाई केली की मांसाच्या दोऱ्या होतात म्हणे. सावकाश शिजलं की चिवट भाग विरघळतो, रस्सा बोटाला चिकटतो. आणि तिला कुठे उभं राहायचं होतं? तेवढ्यात कपडे वाळत घातले, तळायच्या फुग्यांचं पीठ भिजवलं, नातवाला दोनदा झापलं. बिंबलं शेवटच्या अर्ध्या तासात, उभी चीर देऊन. आधी टाकली तर विरघळून गायब. चरबीचा तुपकटपणा तीच मारतात.

पण खरी गंमत पुढे. आंटी वाडगा घेऊन आली. दहा मिनिटं दोघींचं गुळपीठ, आणि जाऊबाई विचारतात, "तुम्ही गोव्याच्या का हो?" झालं! आंटी कुंपणाला टेकलीच. "आम्ही ईस्ट इंडियन, इथल्या. साष्टीतल्या. १७३७ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले, आम्ही नि व्हिनेगर राहिलो." मग ईस्ट इंडियन कशाला म्हणवता? तर गोव्या-मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत नोकऱ्यांना यायला लागले. साहेबाला आपण वेगळे, इथलेच, हे कळावं म्हणून १८८७ला, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, यांनी ते नाव घेतलं. त्यावर आमच्या जाऊबाई काय म्हणाव्यात? "अय्या, पण मराठी किती छान बोलता!" आंटी माझ्याकडे बघते, मी झाडाकडे.

पानावर बसल्यावर सुरू: "मला नको हं. फक्त रसा वाढ." वाढला. पुन्हा वाढला. रश्शातून एक बिंबल आलं. ते काय, फळच, चालतं. बिंबलाला चिकटून एक फोड आली. ती काही वाटीत परत गेलेली मी पाहिली नाही. फुगे किती खाल्ले ते कोण मोजतंय? सात. माझा नवरा मान खाली घालून जेवत होता, त्याला हसू आवरेना. आणि मी आंटीकडून दुसरा वाडगा आणला, कारण पोरांना हा प्रकार उद्याच जास्त आवडतो, मुरलेला. आता त्यातलं किती उरलंय ते झाकण उघडून बघायचा धीर होत नाही.

थांबा, उठल्या वाटतं.

काय हो? काय म्हणताय?... रोप?

विचारतायत, बिंबल कुंडीत येतं का म्हणून.